लाडक्या कुत्र्याचा क्लोन करायचा का? आधी बाकीच्या कुत्र्यांचं विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेतला फुटबॉलपटू टॉम ब्रेडी याने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की त्याची आत्ताची कुत्री जूनी ही त्याच्या आधीच्या, २०२३ मध्ये गेलेल्या लुआचा क्लोन आहे, म्हणजे तिच्याच पेशींपासून तयार केलेलं जणू जुळं, आणि तेव्हापासून हा विषय आमच्या सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमध्ये, व्हॉट्सॲपवर, नातेवाइकांच्या फोनवर सारखा निघतोय. कुत्रं पाळणारा प्रत्येकजण विचारतो, पैसे असते तर तू केलं असतंस का गं? आणि बहुतेकजण उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगून टाकतात की हो, मी तर केलं असतं, एका मिनिटात केलं असतं. मला त्यांचं हे "हो" कळतं. पण मी नाही म्हणाले, आणि माझ्यासमोर हा प्रश्न नुसता गप्पांपुरता नव्हता, खरोखरचा आला होता, म्हणून हे पत्र लिहितेय. जरा लांबलंय, पण जमलं तर सगळं छापा.

माझं नाही हे पैशामुळे नाही आणि "निसर्गाच्या विरुद्ध आहे" असल्या कारणाने पण नाही, टेस्ट ट्यूब बेबीलाही लोक तसंच म्हणायचे. मी नाही म्हणाले ते त्या बाकीच्या कुत्र्यांमुळे, ज्यांच्या अंगावर हे सगळं होतं आणि ज्यांच्याबद्दल अशा बातम्यांमध्ये एक ओळसुद्धा नसते.

आमचा बंड्या. अर्धा लॅब्रॅडॉर, अर्धा गावठी, आमच्या वर्कशॉपच्या मागे पावसात सापडलेला. तेरा-चौदा वर्षं आमच्या घरात होता. माझ्या सासऱ्यांच्या शेवटच्या आजारपणात तो त्यांच्या कॉटखालून हलला नाही, आणि ते गेल्यावर बरेच दिवस त्या खोलीत जायचाच नाही. मागच्या वर्षी त्याच्या किडन्या निकामी व्हायला लागल्या, रोज सलाईन, रोज दवाखाना, आणि आमचे हे तर त्याला उचलून जिना उतरवता उतरवता पाठीला पट्टा लावून बसले. तेव्हा माझा भाचा, तो न्यू जर्सीला असतो, लहानपणी प्रत्येक सुट्टीत आमच्याकडे यायचा आणि बंड्याला तोच पहिल्यांदा घरात घेऊन आला होता, त्याचा फोन आला. म्हणाला, मावशी, इकडे एक कंपनी आहे, डॉक्टरांकडून त्याच्या कातडीचा छोटासा तुकडा काढून घे, पेशी साठवून ठेवतात, पुढचं पुढे बघू, पैशाचं मी बघतो, तू फक्त हो म्हण. पोरगं रडत होतं फोनवर. त्याला मी काय बोलणार, म्हटलं मला दोन दिवस दे.

त्या दोन दिवसांत आणि नंतर बरेच महिने मी यावर जे मिळेल ते वाचलं. आधी हे नक्की करतात काय ते सांगते, कारण फिरायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांना वाटतं की कुठल्यातरी मशीनमध्ये पेशी टाकतात आणि काचेच्या पेटीतून पिल्लू बाहेर येतं. तसं नसतं. तुमच्या कुत्र्याच्या कातडीतल्या पेशी वाढवून द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंशांवर, साठवून ठेवतात. मग दुसऱ्या एका मादीचं बीजांड घेतात, त्यातलं केंद्रक, म्हणजे त्या मादीचा डीएनए असलेला भाग, काढून टाकतात, तुमच्या कुत्र्याची पेशी त्यात बसवतात, विजेचा हलका झटका देऊन दोन्ही जोडतात. त्यातून गर्भ तयार झाला तर तो तिसऱ्याच एका मादीच्या पोटात ठेवतात आणि साधारण नऊ आठवड्यांनी पिल्लू होतं, बऱ्याचदा सिझेरियन करून. म्हणजे तुमचं एक कुत्रं परत यावं म्हणून किमान दोन कुत्र्यांची ऑपरेशनं झालेली असतात. किमान दोन. प्रत्यक्षात किती ते पुढे येतंय.

कुत्र्यांचं एक वेगळंच आहे आणि ते कळलं तेव्हा माझं मत पक्कं झालं. कुत्री साधारण वर्षातून दोनदा हीटवर, म्हणजे माजावर, येते, आणि औषधं देऊन तिला पाहिजे तेव्हा भरवशाने हीटवर आणता येत नाही. बाकी बहुतेक जनावरांचं बीजांड पिकून तयार होऊनच बाहेर पडतं, कुत्रीचं मात्र कच्चं बाहेर पडतं आणि मग दोन-तीन दिवस अंडवाहिनीत पिकतं. ते लॅबमध्ये नीट पिकवता येत नाही. म्हणून पिकलेलं बीजांड हवं असेल तर नेमक्या वेळी त्या कुत्रीला भूल देऊन, पोट उघडून, अंडवाहिनी धुऊन काढावं लागतं. त्यात गर्भ जिच्या पोटात ठेवायचा ती मादीही त्याच सुमाराला त्याच अवस्थेत असायला लागते. आता औषधाने वेळ जुळवता येत नाही म्हटल्यावर काय करणार, एका वेळी दोघी-तिघी तरी जुळाव्यात म्हणून पुष्कळ माद्या पिंजऱ्यात सांभाळून ठेवायच्या. दुसरा मार्गच नाही.

आपल्याकडे कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेने २००९ साली म्हशीचं क्लोन केलेलं रेडकू जन्माला घातलं, गरिमा नाव होतं, तेव्हा आपल्या सगळ्यांना किती अभिमान वाटला होता. २०२३ मध्ये गीर गाईचा क्लोन झाला, गंगा. मग कुत्र्याचं काय वाईट, असं मला आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी विचारलं. त्याचं उत्तर असं की म्हशीची बीजांडं कर्नालच्या लोकांना कत्तलखान्यातून आणलेल्या अंडाशयांमधून मिळत होती, ती लॅबमध्ये पिकवता येतात, त्यासाठी जिवंत म्हशीचं पोट फाडावं लागत नव्हतं. आणि उद्देश चांगल्या दुधाळ जातीचा, हजारो शेतकऱ्यांच्या उपयोगाचा. तसंच अमेरिकेत ब्लॅक फूटेड फेरेट म्हणून मुंगसासारखा लांबुडका, अगदी नामशेष व्हायला आलेला प्राणी आहे, त्यातल्या १९८८ मध्ये गोठवून ठेवलेल्या एका मादीच्या पेशींपासून २०२० च्या डिसेंबरमध्ये एलिझाबेथ ॲन नावाचा क्लोन झाला, आणि तिथे मला काही खटकत नाही, कारण ती जात राहिली नाही तर परत कुठून आणणार. कुत्र्याची जात काही संपायला आलेली नाही.

आता आकडे. स्कॉटलंडची डॉली मेंढी १९९६ ची, ती करताना २७७ बीजांडं लागली आणि एक मेंढी झाली हे बऱ्याच जणांना माहीत असतं. कुत्र्याचं पहिलं क्लोन २००५ साली दक्षिण कोरियात झालं, सोल नॅशनल युनिव्हर्सिटीत, अफगाण हाउंड जातीचं पिल्लू, नाव स्नुपी. त्याच्यासाठी १,०९५ गर्भ १२३ कुत्र्यांच्या पोटात ठेवले होते. गर्भ राहिला फक्त तिघींना. पिल्लं जन्मली दोन. त्यातलं एक २२ दिवसांत न्यूमोनियाने गेलं. उरला स्नुपी. जगभरच्या पेपरांत त्याचा फोटो आला, मला पण आठवतोय तो. एकशे तेवीस कुत्र्या! मी हा आकडा वाचला त्या दिवशी जेवण गेलं नाही, कारण आमच्या कॉलनीत सगळ्या गल्ल्या मिळून एवढी कुत्री नसतील. त्यांच्यापैकी एकशे वीस जणींचं पुढे काय झालं, त्यांना कोणी घरी नेलं का, परत परत वापरलं का, हे कुठल्याच बातमीत माझ्या वाचनात आलं नाही. कोणाला विचारावंसंच वाटलं नसेल.

खरं ते सांगायला पाहिजे, तंत्र आता पुष्कळ सुधारलंय. स्नुपीच्याच पेशींपासून नंतर परत क्लोन केले, त्याचा अहवाल २०१७ मध्ये आला, तेव्हा ९४ गर्भ सात माद्यांमध्ये ठेवले आणि चार पिल्लं झाली, त्यातलं एक चार दिवसांत गेलं. म्हणजे १२३ वरून सातवर आले, फार मोठा फरक आहे, मी नाकारत नाही. पण तरी सात माद्या, शिवाय ज्यांची बीजांडं काढली त्या वेगळ्या. आणि मला जी सोसवत नाही ती गोष्ट अशी की या माद्या पण कुत्रीच आहेत हो. दुसरा कोणता प्राणी असता तर वाद घालता आला असता. पण आपण कुत्र्यावर जीव लावला म्हणून हे करायला निघालो आणि ते करायला दुसऱ्या कुत्र्यांनाच पिंजऱ्यात ठेवायचं, त्यांचं पोट उघडायचं. बंड्याच्या पोटाला डॉक्टरांनी सोनोग्राफीसाठी नुसती मशीन फिरवली तरी तो माझ्याकडे बघून कुईकुई करायचा. त्या माद्या कोणाकडे बघत असतील?

या सगळ्याची सुरुवात पण प्रेमातूनच झालीय. अमेरिकेतले एक श्रीमंत उद्योजक, जॉन स्पर्लिंग, त्यांच्या घरी मिसी नावाची मिश्र जातीची कुत्री होती, अगदी आमच्या बंड्यासारखी कुठलीही जात न सांगता येणारी. तिचा क्लोन व्हावा म्हणून त्यांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी टेक्सासच्या एका विद्यापीठाला २३ लाख डॉलर दिले. तिथे कुत्रं काही जमेना, वर सांगितलेल्या बीजांडाच्या कारणानेच, पण २००१ च्या डिसेंबरमध्ये मांजर जमली. जगातली पहिली क्लोन मांजर, तिचं नाव सीसी. आणि गंमत म्हणा की निसर्गाचा नियम म्हणा, जिच्यावरून ती केली ती रेनबो नावाची मांजर तिरंगी, अंगावर केशरी ठिपके, आणि सीसीच्या अंगावर केशरी रंगाचा मागमूस नाही. कारण मांजरीत केशरी रंगाचा जीन एक्स गुणसूत्रावर असतो, मादीत दोन एक्स असतात, प्रत्येक पेशीत त्यातला एक गप्प होतो, आणि सीसी ज्या एका पेशीपासून झाली तिच्यात केशरीवालाच गप्प होता. म्हणजे पहिल्याच पाळीव क्लोनने सांगून टाकलं होतं की बाबांनो, मी तीच नाही. तरीही त्यातून कंपन्या निघाल्या, काही बंद पडल्या, परत नवीन निघाल्या.

कुत्र्यांमध्ये रंग एवढा बदलत नाही, चेहरा पुष्कळच सारखा येतो, म्हणून तर लोक फसतात. २०२२ मध्ये एक शोधनिबंध आलाय, तोवर पंधराशेच्या वर कुत्र्यांचे क्लोन झाले होते, आणि ते करणाऱ्या मंडळींनीच त्यात लिहिलंय की मूळ कुत्रं आणि क्लोन यांच्यात, आणि एकाच कुत्र्याच्या दोन क्लोनमध्येही फरक दिसतात आणि ते फरक सगळेच्या सगळे समजावून सांगता येत नाहीत. बीजांड दुसरीचं म्हणजे त्यातला मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीला ऊर्जा देणाऱ्या भागाचा, डीएनए दुसरीचा, गर्भाशय दुसरीचं, दूध दुसरीचं, पहिले काही आठवडे, जेव्हा पिल्लाला जगाची भीती किंवा विश्वास बसतो, ते कुठल्यातरी सेंटरमध्ये. आमच्याकडे एकाच विरजणाचं दही माझ्या जावेकडे घट्ट लागतं आणि माझ्याकडे पाणचट, तर हा तर जिवंत जीव आहे.

गायिका बार्ब्रा स्ट्रायसँड यांच्या समँथा नावाच्या कुत्रीचे दोन क्लोन आहेत, त्यांनी २०१८ मध्ये स्वतःच सांगितलं आणि स्वतःच लिहिलं की दिसणं क्लोन करता येतं पण आत्मा नाही. अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष हाविएर मिलेई यांच्या कोनान कुत्र्याचेही अमेरिकेत क्लोन करून आणलेत, त्यांना अर्थशास्त्रज्ञांची नावं दिलीत. असू देत. ती कुत्री त्यांच्या घरी मजेत असतील, आणि जन्माला आलेल्या पिल्लाचा काय दोष, क्लोन असलं तरी ते तेवढंच गोड आणि तेवढंच प्रेमाला लायक असतं, हे मला ठासून सांगायचंय, कारण कोणी कोणी क्लोन म्हटलं की तोंड वाकडं करतात. उलट मला त्या पिल्लाचीच काळजी वाटते. ते घरी आल्या दिवसापासून त्याच्याकडून अपेक्षा, की तू तिथेच बस, तसाच भुंक, त्याच माणसाला ओळख.

बंड्याचंच घ्या. त्याचा डावा कान फाटलेला होता, लहानपणी एका डुकराने धरला होता. फटाक्यांना तो घाबरायचा नाही पण प्रेशर कुकरच्या शिट्टीला घाबरायचा, कारण सापडला त्याच महिन्यात स्वयंपाकघरात कुकर उडाला होता. सासऱ्यांचा खोकला तो गेटपासून ओळखायचा. भाच्याची सुट्टी संपून बॅग भरायला लागली की बॅगेत जाऊन बसायचा. यातलं कातडीच्या तुकड्यात काय उतरणार होतं? कान तर आख्खा येणार. सासरे नाहीत. भाचा वर्षा-दोन वर्षांनी येतो. आमचं वय झालं, पूर्वी आम्ही दोघं त्याच्यामागे अजिंक्यतारा चढायचो, आता खालच्या बागेत दोन चकरा मारतो. बंड्या जो होता तो आमच्यासकट, त्या घरासकट, त्या वर्षांसकट होता, आणि आमची ती वर्षं कोणतीही कंपनी साठवून ठेवत नाही.

इथे संपादकसाहेब, मला वेळेबद्दल बोलायचंय, कारण मला सगळ्यात जास्त राग त्याचा येतो. पेशी जिवंतपणी काढल्या तर उत्तम, पण कुत्रं गेल्यावरही चालतं, साधारण पाच दिवसांच्या आत, आणि तोवर त्याचं शरीर फ्रीजमध्ये ठेवा पण फ्रीझरमध्ये ठेवू नका अशा सूचना असतात. म्हणजे बघा, हा निर्णय माणसाने कधी घ्यायचा? कुत्रं मरणाला टेकलेलं असताना, किंवा ते गेल्यापासून पाच दिवसांत, जेव्हा घरात चूल पेटत नाही, कोपऱ्यातली वाटी कोणी उचलत नाही, आणि माणूस कुठल्याही गोष्टीला हो म्हणेल अशा अवस्थेत असतो. "आत्ता फक्त पेशी साठवा, क्लोनचं नंतर ठरवा" असं म्हणतात, साठवायला दीड हजाराच्या आसपास डॉलर, म्हणजे भाच्यासारख्याला परवडतील असे. ऐकायला किती साधं वाटतं, पण एकदा पेशी तिथे आहेत म्हटल्यावर माणूस दुःखातून बाहेर कसा येणार, सतत एक दार अर्धं उघडं. नंतर क्लोनला पन्नास हजार डॉलर, म्हणजे चाळीस लाख रुपयांच्या वर. आपल्याकडे माणूस गेलं तर तेरा दिवस कोणी व्यवहाराचं बोलत नाही, जमिनीचा कागद सुद्धा कोणी पुढे करत नाही. कुत्र्याच्या बाबतीत मात्र दुःख ऐन भरात असताना फॉर्म भरायचा.

आणि बातम्या पण नीट वाचायला पाहिजेत. ब्रेडीने जूनीबद्दल सांगितलं त्याच सुमाराला कोलोसल नावाच्या कंपनीने पाळीव प्राण्यांचे क्लोन करणारी व्हायाजेन ही कंपनी विकत घेतल्याचं जाहीर झालं, आणि ब्रेडी कोलोसलमधला गुंतवणूकदार आहे. त्याचं लुआवर प्रेम नव्हतं असं मी म्हणत नाही, असणारच. पण मराठीत जी बातमी फॉरवर्ड होत फिरली तिच्यात हे एक वाक्य पण नव्हतं, नुसता कुत्रीचा फोटो आणि "विज्ञानाचा चमत्कार".

मला लोकांनी जे जे म्हटलं त्यातलं एक म्हणणं खरं वजनदार आहे, ते सांगते. आमच्या डॉक्टरांचा असिस्टंट मुलगा म्हणाला, काकू, ब्रीडरकडून लोक पगची, हस्कीची पिल्लं घेतात तेव्हा त्या माद्यांचे काय हाल असतात तुम्ही बघितलेत का, तिथे कोण विचारतं. बरोबर आहे त्याचं. साताऱ्याच्या उन्हात हस्की पाळणारे मी बघितलेत आणि अंधाऱ्या खोलीत वर्षानुवर्षं पिल्लं काढायला ठेवलेल्या माद्यांबद्दलही ऐकलंय. पण त्याचा अर्थ असा होतो की तिथेही विचारायला पाहिजे, असा नाही होत की इथे पण सोडून द्या. निदान ब्रीडरसाठी २०१७ चे केंद्राचे नियम आहेत, नोंदणी करायची, मादीचं वय किती असावं, तिला किती वेळा विणू द्यायचं याला मर्यादा आहेत. पाळले जात नसतील, पण कागदावर आहेत, तक्रार करता येते. क्लोनसाठी वापरलेल्या मादीचं काय? बीजांड देणाऱ्या मादीला आयुष्यात किती वेळा टेबलावर घ्यायचं, वापरून झाल्यावर तिला कुठे द्यायचं, किती गर्भ पडले, किती पिल्लं जन्मून गेली हे गिऱ्हाईकाला सांगायचं की नाही? दक्षिण कोरिया, अमेरिका, चीन, तिन्हीकडे हा धंदा चालतो, आणि आपल्याकडे पैसेवाले कुत्राप्रेमी काय कमी आहेत, मुंबई-पुण्यात कुत्र्यांचे स्पा आणि वाढदिवसाचे केक निघालेत, तर उद्या कोणी इकडे पण सेंटर काढेल. इथल्या माद्या कुठून आणतील तेही मला दिसतं, रस्त्यावरून. २०१९ च्या पशुगणनेत देशात दीड कोटीच्या वर भटकी कुत्री मोजली गेली होती, त्यातली शंभर-दोनशे गेली तर कोण शोधणार आहे?

म्हणून माझी मागणी अशी आहे की पशुकल्याण मंडळाने आणि राज्याच्या पशुसंवर्धन खात्याने कोणी सेंटर काढायच्या आधीच नियम करून ठेवावेत. कुत्र्यांच्या बाबतीत आपल्याकडे नेहमी उलटं होतं, आधी प्रकरण चिघळतं, मग कोर्ट, मग रस्त्यावर भांडणं. भटक्या कुत्र्यांवरून सुप्रीम कोर्टाच्या २०२५ च्या आदेशांनंतर आमच्या कॉलनीत शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झालाय. निदान इथे तरी आधी करा.

पोलिसांच्या, कस्टमच्या श्वानांचे क्लोन कोरियात करतात, उत्तम नाकाचं कुत्रं परत मिळावं म्हणून. त्यावर मी काही बोलणार नाही, ते वेगळं गणित आहे आणि माझ्या आवाक्यातलं नाही.

आणि इतकं वाचूनही ज्यांना करायचंच आहे, मला माहितीय असे आहेत, माझ्या ओळखीत एक जोडपं आहे, त्यांना मूलबाळ नाही, त्यांच्या पॉमेरियनवर त्यांचा इतका जीव आहे की मी त्यांना नाव ठेवूच शकत नाही, त्यांना माझं एवढंच सांगणं की पैसे भरायच्या आधी कंपनीला लेखी विचारा. माझ्या एका पिल्लासाठी किती माद्यांची बीजांडं काढणार, किती जणींच्या पोटात गर्भ ठेवणार, त्या कुठे राहतात, त्यांचा फोटो आणि दवाखान्याची फाईल दाखवा, त्यांना नंतर घर मिळतं का, एकाऐवजी तीन पिल्लं झाली तर उरलेल्या दोघांचं काय करता, आणि अपंग जन्मलं तर काय करता. उत्तर आलं तर वाचा आणि मग ठरवा. गोल गोल उत्तर आलं तर तेच उत्तर समजा.

भाच्याला मी दोन दिवसांनी फोन करून नाही म्हणाले. पहिल्यांदा चिडला, म्हणाला मावशी तुला त्याची किंमतच नाही, तासाभराने परत फोन करून रडला. मी त्याला त्या १२३ चा आकडा वाचून दाखवला, तो पण गप्प झाला. बंड्या गेला त्याला आता वर्ष होत आलं. साठवणीला जे पैसे जाणार होते त्यातले अर्धे त्याने इकडे पाठवले, त्यातून आमच्या वॉर्डातल्या माद्यांच्या नसबंदीचं आणि रेबीजच्या लसीचं काम एका स्थानिक संस्थेकडून करून घेतलं, डॉक्टरांनी फी घेतली नाही. ऑपरेशन झालेल्या माद्यांना पाच-सहा दिवस ठेवायला जागा नव्हती, तर आमचं वर्कशॉप दिलं. त्यातली एक काळी कुत्री सोडली तरी गेटवर येऊन बसते. तिला बंड्याची आठवण येते का वगैरे काही नाही, तिला भाकरी पाहिजे असते. हे तिला घरात घ्यायचं म्हणतायत, मी अजून हो म्हटलेलं नाही, कारण आमचं वय बघता आमच्यानंतर तिला कोण बघेल ते आधी ठरवायला पाहिजे, त्याबद्दल भाचीशी बोलणं चाललंय.

तुमच्या पेपरला एक विनंती आहे. क्लोन कुत्र्याची पुढची बातमी छापाल तेव्हा मालकाच्या फोटोखाली त्या पिल्लाला जन्म दिलेल्या मादीबद्दल दोन ओळी मिळवून छापा, नाही मिळाल्या तर "माहिती देण्यात आली नाही" असं छापा. आणि साताऱ्यात लहान जनावरांसाठी रात्री चालू असणारा दवाखाना नाही, बंड्याच्या शेवटच्या रात्री आम्हाला पुण्याला धावावं लागलं, त्याबद्दल मी वेगळं पत्र पाठवतेय, तेही बघावं.

कळावे,
आपली एक वाचक,
सातारा

(नाव आणि फोन नंबर पाकिटात वेगळ्या कागदावर दिलाय, कृपया छापू नये.)